शिंगावरचं नाव : प्रिन्स सिम्बो, ग्लास्टनबरी, १७ नोव्हेंबर १७७७

नदीअलीकडे

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे एक वस्तू डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

मुलांच्या सुट्टीत वॉशिंग्टनला गेलो होतो. तिथल्या स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या संग्रहालयात (हे २०१६ साली उघडलं) गाईचं एक वाकडं शिंग पाहिलं. बंदुकीची दारू भरून ठेवायचं शिंग. त्यावर एक पक्षी कोरलाय, 'लिबर्टी' असा शब्द आहे आणि पुढे मजकूर. इंग्रजीच आहे, मी मराठीत अर्थ देते: 'प्रिन्स सिम्बो, त्याचं शिंग, ग्लास्टनबरी इथे केलं, १७ नोव्हेंबर, इसवी सन १७७७.'

ग्लास्टनबरी वाचलं आणि मी तिथेच थांबले. आम्ही कनेक्टिकटमध्ये रॉकी हिलला राहतो. मध्ये कनेक्टिकट नदी, पलीकडच्या काठाला ग्लास्टनबरी. मधली फेरीबोट १६५५ पासून चालू आहे आणि एका वेळी जेमतेम तीन गाड्या घेते. आम्ही दर उन्हाळ्यात सफरचंदं आणि पीच आणायला तिनंच पलीकडे जातो. त्या गावातल्या एका कृष्णवर्णीय सैनिकाचं हे शिंग. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो कनेक्टिकटच्या सातव्या पलटणीत होता.

दुसरी गोष्ट घरी परतल्यावर सुचली. नाव, गाव, तारीख, आणि 'याचं' असं सांगणारी षष्ठी. हे मी कुठे पाहिलंय? आमच्या फडताळात! आजीच्या पितळी तपेल्यावर, आईच्या स्टीलच्या डब्यांवर. अडीचशे वर्षांपूर्वी बंदुकीच्या दारूच्या शिंगावर माणसानं नेमकं तेच लिहिलं, जे आपण लग्नातल्या भांड्यांवर घालून घेत आलो.

शिंगांबद्दल, त्यांच्या मालकांबद्दल, कोरणाऱ्यांबद्दल कुणाला माहिती असेल तर लिहा. मला सगळं ऐकायचंय.

सह्यकडा

उत्तम विषय. आधी वस्तू नीट समजून घेऊ.

ठासणीच्या बंदुकीला तीन गोष्टी लागत: दारू, गोळी आणि ठिणगी. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. वजनानं साधारण ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. तिचा वैरी ओलावा. धातूच्या डब्याला आतून घाम येतो, लाकूड पाणी पितं, कातडं भिजतं. शिंगाला यातलं काही होत नाही, लोखंडावर आपटलं तरी ठिणगी पडत नाही, आणि गुरं कापणाऱ्या गावात ते फुकट मिळतं.

करायची रीत अशी. शिंग उकळायचं, म्हणजे आतलं हाड सुटतं. टोकाकडचा भरीव भाग थोडा कापून आरपार भोक पाडायचं, ते झालं तोंड. त्याला लाकडी खुंटीचं बूच. रुंद बाजू गरम करून मऊ पडली की त्यात लाकडाची गोल चकती ठोकून बसवायची, बारीक खिळ्यांनी किंवा खुंट्यांनी पक्की करायची, फटीत मेण. मग बाहेरून सुरीनं किंवा फुटक्या काचेनं तासत राहायचं. चांगलं तासलेलं शिंग उजेडात धरलं की आत दारू कुठवर आहे ते बाहेरून दिसतं.

कोरणं सर्वांत शेवटी. सुरीचं टोक, दाभण, काहीही चालतं. चरे पाडून झाले की काजळी नि तेल चोळायचं आणि फडक्यानं पुसून घ्यायचं. वरची काजळी निघते, चऱ्यात बसलेली राहते. नक्षी उठून दिसते.

एक सावधगिरी जाणकार नेहमी पाळत. शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आधीच्या बारातली एखादी ठिणगी नळीत जिवंत असली तर ती धारेवरून शिंगात चढते, आणि मग हात जातो. आधी मापात घ्यायची, माप नळीत रिकामं करायचं.

खाडीकाठ

राजापूरकडचा आहे. आमच्याकडे शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती, आजोबांच्या नावे परवाना. रानडुकरं आणि वानरं यांच्यासाठी. दारू नळीत, मग काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी कानावर केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी. हे सगळं आजोबा अंधारात, बोलता बोलता करायचे. दारू ठेवायला रेड्याच्या शिंगाचा तुकडा होता, बूच सागाचं. आजी त्याला हात लावू द्यायची नाही. चुलीपासून लांब, माळ्यावर.

त्यावर काही कोरलेलं नव्हतं. रेड्याचं शिंग काळंभोर, त्यात काजळी भरून काय दिसणार? गाईबैलांचं फिकट शिंग घेतलं तरच असं लेखन जमतं, हे वरचं वाचून आज लक्षात आलं. शिंगकाम आमच्या किनाऱ्याला नवं नव्हतं मात्र. विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या वस्तू बनत, जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे.

आजोबा गेल्यावर बंदूक परवान्यासह ठाण्यात जमा झाली. शिंग घर शाकारताना भंगारात गेलं. मी तेव्हा मुंबईला होतो. धागा वाचताना त्या बुचाचा वास आठवला, जळक्या गंधकाचा आणि एरंडेलाचा.

जुनाबाजार

न्यू जर्सीत वीस वर्षं जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरतोय. शिंगं बरीच हाताळली, विकत घेतली फक्त दोन. काही गोष्टी सांगतो.

पहिली. 'हिज हॉर्न' ही त्या काळची ठरलेली शब्दरचना आहे. अमुक अमुक, त्याचं शिंग, अमक्या ठिकाणी केलं, अमकी तारीख. फ्रेंच आणि इंग्रजांच्या १७५४ ते १७६३ च्या लढाईत ही पद्धत फोफावली. छावणीत महिनोन्‌महिने बसून राहिलेली माणसं, हाताशी सुरी आणि शिंग. पुढे १७७५ मध्ये अमेरिकनांनी इंग्रजांना घातलेल्या बॉस्टनच्या वेढ्यात तीच गोष्ट. रॉक्सबरी, विंटर हिल अशा छावण्यांची नावं घातलेली शिंगं आहेत. काहींवर आख्खा नकाशा असतो: न्यूयॉर्कहून हडसन नदी वर ऑल्बनीपर्यंत, तिथून मोहॉक नदीकाठचे किल्ले ओळीनं ओस्वेगोपर्यंत. काहींवर कविता. एक दोन ओळींची कविता बऱ्याच शिंगांवर सापडते, तिचा भाव असा की मी दारू, गोळी माझा भाऊ, आम्ही दोघं मिळून सगळ्यांना जिंकतो.

दुसरी, आणि इथेच लोक चुकतात. शिंगावरचं नाव मालकाचं. ज्यानं कोरलं त्याचं नव्हे. लिहिता न येणारा शेतकरी पोरगा छावणीतल्या चांगल्या अक्षराच्या माणसाकडे जायचा, तो दाम घेऊन कोरून द्यायचा. म्हणून एकाच हाताची अक्षरं पाच वेगवेगळ्या नावांच्या शिंगांवर दिसतात. जेकब गे नावाचा एक कोरणारा तर १७५८ पासून पुढे जवळजवळ तीस वर्षं हे काम करत होता.

तिसरी गोष्ट नकलांची. जुनी कोरी शिंगं स्वस्त मिळतात, त्यावर आज नाव घालायचं आणि दहापट भावानं विकायचं. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी झाली तेव्हापासून अशा वस्तूंना मागणी आहे, म्हणजे नकलासुद्धा आता जुन्या झाल्यात. मी भिंग घेऊन एकच बघतो: झीज आधीची की चरा आधीचा. शिंगाची एक बाजू अंगाला घासून गुळगुळीत होते. खरं कोरीव काम त्या बाजूला झिजून पुसट झालेलं असतं. झिजलेल्या जागीसुद्धा चरे खोल आणि कडा धारदार असतील, तर ते काम नंतरचं. शब्दांच्या चुका पाहून भुलू नये, चुका करायला नकल्यालाही येतात. आणि वॉशिंग्टन किंवा तितक्याच मोठ्या माणसाचं नाव दिसलं तर शिंग खाली ठेवून पुढे चालू लागावं.

तुळशीपत्र

भांड्यांची तुलना फार आवडली. पुण्याला तुळशीबागेत भांडी घेतली की दुकानातच नाव घालून मिळायचं. तो मनुष्य डोकं वर न करता विचारायचा, 'काय घालायचं?' आणि आई चिठ्ठी पुढे करायची. टिक टिक टिक. ठिपक्यांची अक्षरं. आधीच्या पिढीतली छिन्नीनं घातलेली आहेत, ती जास्त खोल.

एक विचारते. आमच्या घरात घर आजोबांच्या नावे, शेत आजोबांच्या नावे, रेशनकार्ड त्यांच्या नावे. आजीचं नाव असलेली वस्तू म्हणजे भांडी, तेवढीच. कुणी उसनं नेलेलं पातेलं परत आलं की ती आधी उलटं करून नाव बघायची. प्रिन्स सिम्बोच्या काळात कनेक्टिकटमध्ये गुलामगिरी होती ना? मग त्या राज्यात काळ्या माणसानं एका वस्तूवर 'त्याचं' असं कोरणं किंवा कोरून घेणं, याचं वजन गोऱ्या शेजाऱ्याच्या शिंगावरच्या त्याच शब्दापेक्षा नक्कीच वेगळं असणार.

नदीअलीकडे

तुळशीपत्र, मला जे म्हणायचं होतं आणि नीट म्हणता येत नव्हतं ते तुम्ही लिहिलंत. हो, होती. कनेक्टिकटनं १७८४ मध्ये टप्प्याटप्प्यानं मुक्तीचा कायदा केला, तोही पुढे जन्मणाऱ्या मुलांपुरता. पूर्ण बंदी आली १८४८ मध्ये. जिथे माणसाची मालकी कागदावर दुसऱ्याच्या नावे असायची, तिथलं हे 'हिज'.

या दोन आठवड्यांत १७७७ सालचं ग्लास्टनबरी जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. काय साल होतं ते! साउथ ग्लास्टनबरीत रोअरिंग ब्रूक नावाचा ओढा आहे, आता तिथे झाडीतून पायवाट जाते. त्या ओढ्यावर स्टॉकिंग कुटुंबाचा दारूचा कारखाना होता. सैन्याला दारूचा किती तुटवडा होता बघा: १७७५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टननं साठा मोजायला लावला तेव्हा माणशी नऊ बारांपुरतीच दारू निघाली. म्हणून गावोगाव असे कारखाने चालवायचे. १७७७ मध्ये स्टॉकिंगांच्या कारखान्यात स्फोट झाला. जॉर्ज स्टॉकिंग आणि त्याचे तीन मुलगे त्यात गेले. त्याच्या बायकोनं, युनिसनं, तो कारखाना पुन्हा उभा केला आणि चालवला. नवरा आणि तीन मुलं ज्या दारूनं नेली, तीच दारू ती बनवत राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच गावात सिम्बोचं शिंग तयार झालं.

गेल्या शनिवारी मी त्या ओढ्यावर जाऊन आले. पाणी दगडांवरून आपटत येतं, नाव सार्थ आहे. पाण्याच्या जोरावर कारखाना चालायचा. एवढ्या आवाजात माणसं एकमेकांना काय ऐकू जात असतील?

आणखी एक. न्यू हेवनला इंग्रजांच्या आरमाराची भीती, म्हणून त्या साली तिथल्या येल कॉलेजचे विद्यार्थी वेगवेगळ्या गावांत हलवले होते. एक वर्ग ग्लास्टनबरीत होता, आणि त्यात नोआ वेब्स्टर होता. पुढे ज्यानं अमेरिकन इंग्रजीचा शब्दकोश केला आणि स्पेलिंगं सुधारली तोच. शिंगावर गावाचं स्पेलिंग आजच्यासारखं नाही, मधे 'ओ'च्या जागी 'ई' आहे. ती चूक नव्हे. तेव्हा गावकरी तसंच लिहीत.

ओकाची_सावली

मी मॅसॅच्युसेट्समधल्या श्रुजबरीत राहते. इथे आपले लोक पुष्कळ आहेत, गणपतीला हॉल पुरत नाही. जुनाबाजार यांनी कोरणाऱ्यांचा विषय काढला म्हणून लिहिते, कारण त्यांच्यातला एक फार मोठा कारागीर आमच्या गावचा होता.

त्याचं नाव जॉन बुश. स्वतंत्र कृष्णवर्णीय, श्रुजबरीचा, मॅसॅच्युसेट्सच्या फौजेत. १७५५ मध्ये फौज उत्तरेला लेक जॉर्जला गेली. फ्रेंच त्या तळ्याला 'सां साक्रमाँ' म्हणत. इंग्रजांच्या विल्यम जॉन्सननं आपल्या राजाचं नाव दिलं. ८ सप्टेंबर १७५५ ला तिथे लढाई झाली, मग दक्षिण टोकाला फोर्ट विल्यम हेन्री बांधला. त्या छावणीत बुश शिंगं कोरत होता. मी छायाचित्रं पाहिली आहेत. अक्षरांना वळणदार वेल फुटलेले, नावाच्या पहिल्या अक्षरात पानं, आणि तरी वाचायला अडचण नाही. जुन्या कित्त्यातली अक्षरं असतात तशी. त्याच्यानंतरच्या कोरणाऱ्यांनी, वर ज्याचा उल्लेख आला त्या जेकब गेनंसुद्धा, हेच वळण पुढे नेलं.

ऑगस्ट १७५७ मध्ये माँकामच्या फ्रेंच फौजेनं किल्ल्याला वेढा घातला. ३ तारखेपासून तोफा, ९ तारखेला कर्नल मनरोनं किल्ला दिला. बुश कैद झाला. तो घरी परत आला नाही.

आमच्या गावात आर्टेमस वॉर्डचं घर जपून ठेवलंय, बॉस्टनच्या वेढ्यात वॉशिंग्टन येईपर्यंत जो सेनापती होता त्याचं. मुलांच्या शाळेची सहल तिथे जाते. माझ्या मुलीला मी घरी बसवून बुशची अक्षरं दाखवली. तिनं वहीवर 'बी' काढून पाहिला, पाचव्यांदा जमला. लोकांची नावं इतक्या सुंदर अक्षरात घालणाऱ्याचं नाव गावातल्या मुलांना ठाऊक असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सह्यकडा

बुशबद्दल वाचून थांबलो. किल्ला पडतो तेव्हा सेनापतींची नावं राहतात, हे आपल्याकडचंही आहे.

एक शंका मांडतो. सिम्बो कायमच्या पलटणीतला शिपाई. १७७७ येईपर्यंत त्या सैनिकांना काडतुसांची पेटी मिळू लागली होती: कातडी पेटी, आत भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, प्रत्येक भोकात दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेलं कागदी काडतूस. दातानं कागद फोडायचा, थोडी दारू रंजक म्हणून, म्हणजे ठिणगीनं आधी पेट घ्यायला, उरलेली नळीत. हे शिंगापेक्षा कितीतरी वेगवान. मग शिंग कशाला?

माझं मत असं की काडतूस हे सरकारी आणि शिंग हे स्वतःचं. पेटी सेवा संपल्यावर परत करायची वस्तू. शिंग घरून आणलेलं, घरी नेण्याचं. काडतुसांचा पुरवठा वारंवार तुटायचा तेव्हा शिंगच कामाला यायचं, हेही आहे. आणि शिंग लगेच हद्दपार झालं नाही. अमेरिकेच्या १७९२ च्या मिलिशिया (नागरिकांची फौज) कायद्यात प्रत्येकानं काय घेऊन यायचं त्याची यादी आहे: बंदूकवाल्यानं २४ काडतुसांची पेटी, किंवा रायफल असेल तर दारूचं शिंग, २० गोळ्या आणि पाव पौंड दारू. कायद्यात शिंगाचं नाव आहे.

जुनाबाजार

पटलं. रायफलवाल्यांचं शिंगाशिवाय चालत नसे, कारण ते माप स्वतः ठरवत. मस्केटवाल्याला, म्हणजे काडतुसं वापरणाऱ्या साध्या बंदूकवाल्याला, शिंग वैयक्तिक. म्हणूनच त्यावर नाव. पेटीवर कोण कशाला नाव घालेल?

रानवारा

'प्रिन्स' ही पदवी होती का? कुणा आफ्रिकन राजघराण्यातला?

तुळशीपत्र

नाही. प्रिन्स, सीझर, पॉम्पी ही त्या काळात गुलामांना मालकांनी ठेवलेली नेहमीची नावं आहेत. पण सगळीच नावं मालकांची नसत. न्यू इंग्लंडच्या कागदांत 'कफ' हे नाव पुष्कळदा येतं, ते मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांचं 'कोफी', म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. समुद्र ओलांडूनही वार टिकला.

'लिबर्टी' या शब्दाबद्दल एक सांगायचंय. कनेक्टिकटच्या चौथ्या पलटणीत डेव्हिड हम्फ्रीजच्या नावे कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी होती. तिच्या हजेरीपटावर आडनावं बघा: लिबर्टी, फ्रीडम, फ्रीमन. कफ लिबर्टी, पॉम्प लिबर्टी, जेफ्री लिबर्टी. मालकाचं आडनाव टाकून माणसांनी हा शब्द आडनाव म्हणून घेतला. सिम्बोनं तो शिंगावर घेतला.

आणि शब्द नुसता शब्द राहिला नाही. त्याच तुकडीतला जॅक आराबस युद्ध संपवून परत आला, तेव्हा त्याच्या पूर्वीच्या मालकानं, आयव्हर्सनं, त्याच्यावर पुन्हा हक्क सांगितला. माणूस लढाईवरून येऊन न्यू हेवनच्या तुरुंगात! १७८४ मध्ये न्यायालयानं निकाल दिला: मालकाच्या संमतीनं तो सैन्यात गेला, त्या संमतीतच त्याची मुक्ती आली. आराबस सुटला. मी कायद्याचं शिकवते. हा निकाल वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

रानवारा

धन्यवाद. आता माझा स्वार्थ. व्हर्माँटमध्ये एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मी एक शिंग घेतलं. नाव पुसट आहे, आद्याक्षर 'ई', आडनाव वाचता येतंय, आणि साल बहुधा १७७६. मालक शोधायचा कसा?

जुनाबाजार

आधी नाव नीट वाच. खोलीत अंधार कर, टॉर्च शिंगाला जवळजवळ टेकवून आडवी धर आणि हळूहळू फिरव. चऱ्याच्या एका कडेवर सावली पडते, अक्षर उठतं. समोरून उजेड टाकलास तर काहीच दिसणार नाही. आणि कृपा करून चऱ्यांत पावडर, खडू, शाई, काहीही भरू नकोस. आजवर टिकलेली काजळी पाच मिनिटांत जाते, परत येत नाही.

नाव मिळालं की हजेरीपट. मॅसॅच्युसेट्सचा माणूस असेल तर त्या राज्यानं १८९६ ते १९०८ या काळात सैनिकांची वर्णानुक्रमे यादी सतरा खंडांत छापली, ती बघ. एकाच नावाचे चार जण निघतील, तेव्हा गाव जुळव. गावागावांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी १८५० पर्यंतच्या छापलेल्या आहेत.

त्यानंतर निवृत्तिवेतनाच्या फाइली. १८०० च्या नोव्हेंबरात युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून आधीचे बरेच कागद जळाले, त्यामुळे खरा खजिना १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनंतरचा. १८३२ च्या वेळी म्हाताऱ्या सैनिकांनी न्यायालयात उभं राहून तोंडी हकिकत सांगितली, कारकुनानं लिहून घेतली. कुठल्या महिन्यात कुठे कूच केलं, कप्तान कोण, थंडी किती. वाचताना माणूस बोलतोय असं वाटतं. १८२० मध्ये तर अर्जदारांकडून शपथेवर मालमत्तेची यादी मागितली होती, गरिबी सिद्ध करायला. एक गाय, दोन खुर्च्या, एक कढई, एक कुऱ्हाड. देशासाठी लढलेल्या सत्तरीच्या माणसाला आपली कढई मोजून दाखवावी लागली. मी ते कागद वाचताना प्रत्येक वेळी अस्वस्थ होतो.

आणि एक नाव आवर्जून. रूफस ग्रायडर, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनाजोहारीचा चित्रकलेचा शिक्षक. १८८०-९० च्या सुमारास घरोघर जाऊन त्यानं शेकडो शिंगं पाहिली आणि त्यांवरची नक्षी जलरंगात उतरवली. ती चित्रं न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. तुझं शिंग त्याच्या नजरेखालून गेलं असेल तर पुरावा आयता मिळेल.

खाडीकाठ

कढईचं वाचून गप्प बसलो. तुळशीपत्र यांनी लिहिलेलं आजीचं पातेलं आणि ही कढई, दोन्ही डोळ्यांसमोर राहिलं.

आमच्याकडच्या शिंगाला बूच होतं ते आजोबांनी स्वतः तासलेलं. भावाला फोन केला. तो म्हणाला बूच आहे, आजोबांच्या पेटीत, कसलं म्हणून टाकलं नव्हतं. मे महिन्यात गावी गेलो की घेऊन येईन.

रानवारा

टॉर्च आडवी धरून पाहिली. 'ई' नव्हे, 'एफ' आहे! खालची आडवी रेघ म्हणजे तडा होता. नवीन शोध सुरू.

नदीअलीकडे

रानवारा, अभिनंदन. तुमचं वाचून काल रात्री मीही टॉर्च घेतली.

आजीचं पितळी तपेलं मी आठ वर्षांपूर्वी बॅगेत घालून इकडे आणलं. काठाखाली नाव आहे, पण कल्हईला देऊन देऊन आणि चिंचेनं घासून घासून पुसट झालंय. आम्ही सगळे धरून चालायचो की तिथे 'लक्ष्मीबाई' असणार, कारण आजीला सगळे लक्ष्मीबाईच म्हणत. पत्रांवर तेच, मतदारयादीत तेच, तिच्या तेराव्याच्या कार्डावर तेच.

स्वयंपाकघरातले दिवे घालवले. नवऱ्यानं तपेलं धरलं, मी टॉर्च काठाला टेकवून फिरवली. आधी साल दिसलं, शके १८६१. मग गाव, वाई. ते आजीचं माहेर. मग नाव. पहिलं अक्षर जोडाक्षर होतं आणि 'ल' कुठेच नव्हता. तिसऱ्यांदा उजेड फिरवल्यावर मुलगा म्हणाला, 'आई, द्वा.'

द्वारका.

लग्नात नाव बदलण्याआधीचं. भांडं तिच्या आईनं घातलं असणार, आणि आईनं घालताना आपल्या मुलीचं नाव घातलं. पुण्यात मावशीला फोन केला तेव्हा तिथे सकाळ होती. ती पंच्याऐंशीची आहे, मोठ्यांदा बोलावं लागतं. मी नाव सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'वाईची मामी तिला द्वारके म्हणायची. मी विसरूनच गेले होते.'

फोटो नीट आला नाही. आज संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करते आणि इथे टाकते.